पांडाजमध्ये तारीख आणि महिना उलटे होतात: एप्रिलात पाऊस दिसला तर कुठे पाहायचं

आधी लक्षण सांगते. ज्याला हा त्रास होतोय त्याला ते लगेच ओळखू येईल. फाइलमध्ये तारखा आपल्या नेहमीच्या पद्धतीने आहेत: आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. पायथनमध्ये पांडाजने, म्हणजे तक्त्यांचा डेटा हाताळायच्या लायब्ररीने, फाइल वाचली, तारखेचा कॉलम टू-डेटटाइम या मजकुराची तारीख करणाऱ्या फंक्शनमधून काढला, एरर आली नाही. ओळी मोजल्या तर तेवढ्याच, रकमेची बेरीज केली तर तीच. आणि महिनावार आलेख काढला की त्यात जे कधी घडलंच नाही ते दिसतं.

आमच्याकडे ते पावसाच्या रूपात आलं. कोकणातल्या एका तालुक्यातल्या पर्जन्यमापकांच्या नोंदी, १ जून ते ३० सप्टेंबर, म्हणजे १२२ दिवस. आलेखात मात्र पाऊस बाराही महिने पडत होता. ७ एप्रिलला ११२ मिलिमीटर! एवढा पाऊस एप्रिलात पडला असता तर त्या वर्षी हापूसची पेटी बाजारात दिसली नसती. रोज सकाळी मापक वाचणाऱ्या काकांना आलेख दाखवला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ताई, हा आकडा माझाच आहे, पण जुलैतला आहे."

त्यांचं बरोबर होतं. हे पाहा:

०४/०७/२०२२ — खरी तारीख ४ जुलै, वाचली गेली ७ एप्रिल
१२/०७/२०२२ — खरी तारीख १२ जुलै, वाचली गेली ७ डिसेंबर
१३/०७/२०२२ — खरी तारीख १३ जुलै, वाचली गेली १३ जुलै

तिसरी ओळ बरोबर कशी आली, यातच सगळं कारण आहे. फॉरमॅट सांगितला नाही तर पांडाज अमेरिकी पद्धत धरून चालतं, म्हणजे आधी महिना. तेरावा महिना नसतो, त्यामुळे १३ दिसल्यावर ते आपणहून दिवस-महिना असा क्रम लावतं. पांडाजच्या २.० आधीच्या व्हर्जनमध्ये हा विचार प्रत्येक ओळीसाठी वेगळा व्हायचा. एकाच कॉलममधल्या शेजारच्या दोन ओळी दोन वेगळ्या नियमांनी वाचल्या जायच्या. काही व्हर्जन वॉर्निंग छापायची, पण आमची स्क्रिप्ट रात्री आपोआप चालायची आणि तिने छापलेलं कोणी वाचत नव्हतं.

आता हिशेब करा. प्रत्येक महिन्यातल्या १ ते १२ तारखा दोन्ही बाजूंनी वाचता येतात. चार महिन्यांच्या मिळून ४८. त्यातल्या ६ जून, ७ जुलै, ८ ऑगस्ट आणि ९ सप्टेंबर उलटल्या तरी त्याच राहतात. उरल्या ४४. म्हणजे १२२ पैकी ४४ दिवसांचा पाऊस भलत्या दिवशी जाऊन बसला होता, आणि एकूण पाऊस मात्र दशांशापर्यंत जुळत होता. ओळी किंवा बेरीज पडताळून ही चूक सापडत नाही, हे मी पुन्हा सांगते, कारण आम्ही दोन हंगाम तेवढंच पडताळत होतो.

आलेखातली खरी खूण वेगळी होती. पाऊस जानेवारीत होता, पण फक्त ६, ७, ८ आणि ९ तारखेला. फेब्रुवारीत ६, ७, ८, ९. मार्चात तेच, डिसेंबरातही तेच. खरे महिने जून ते सप्टेंबर, म्हणून उलटल्यावर दिवसाच्या जागी तेच चार आकडे. जून महिना तर फसवाच दिसत होता: १ ते ५ कोरडे, ६ ते ९ धो धो, १० ते १२ पुन्हा कोरडे. मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागतं, त्यामुळे पाहणाऱ्याला वाटायचं, वा, मृग अगदी वेळेवर बरसला. प्रत्यक्षात ७ जूनचा पाऊस ६ जुलैचा होता, ८ जूनचा ६ ऑगस्टचा आणि ९ जूनचा ६ सप्टेंबरचा. पेरणी कधी झाली आणि पाऊस कधी पडला याची सांगड घालायला ज्या आलेखाकडे लोक पाहतात, त्यात असं होणं मला अजूनही बोचतं.

तुमचा डेटा पावसाचा नसेल, दुकानाच्या बिलांचा किंवा दवाखान्यातल्या नोंदींचा असेल आणि वर्षभराचा असेल, तर चार आकड्यांची खूण मिळणार नाही. तिथे १४४ तारखा दोन्ही बाजूंनी वाचता येतात, १२ उलटूनही त्याच राहतात, १३२ चुकतात. ३६५ पैकी १३२. अशा वेळी खूण शोधायची ती भविष्यात. ऑगस्टमध्ये काढलेल्या अहवालात डिसेंबरच्या नोंदी असतील तर लगेच थांबा. दुसरी खूण क्रमाची: फाइल तारखेच्या क्रमाने भरलेली असेल तर वाचल्यावरही कॉलम चढत्या क्रमाने हवा. पांडाजमध्ये इज-मोनोटोनिक-इन्क्रीझिंग नावाचा गुणधर्म कॉलमला विचारता येतो. उत्तर फॉल्स, म्हणजे खोटं, आलं की पुढचं सगळं थांबवा. ही एक ओळ आम्ही पहिल्या वर्षी लिहिली असती तर पुढचं काही घडलंच नसतं.

उपाय तसा एका ओळीचा आहे. टू-डेटटाइमला फॉरमॅट हे पॅरामीटर द्या: टक्का डी, तिरकी रेघ, टक्का एम, तिरकी रेघ, टक्का कॅपिटल वाय. डी आणि एम स्मॉल. असा फॉरमॅट दिला की पांडाज अंदाज करत नाही. जुळलं तर वाचतं, नाही जुळलं तर एरर देतं. ती एरर आपल्याला हवीच आहे.

बरेच जण त्याऐवजी डे-फर्स्ट इक्वल टू ट्रू लिहितात. आम्हीही आधी तेच केलं होतं. पण डे-फर्स्ट म्हणजे सक्ती नाही, फक्त पसंती. दिवस आधी धरून पाहा, नाही जमलं तर महिना आधी धर, असा त्याचा अर्थ आहे, आणि पांडाजच्या कागदपत्रांतही तसं स्पष्ट लिहिलं आहे. एखाद्या केंद्राने चुकून ०७/१३/२०२२ असं पाठवलं तर ते मुकाट वाचलं जाऊ शकतं. मला ते नको असतं, मला त्या केंद्राला फोन करायचा असतो. आणि तुम्ही थेट डेटयुटिल लायब्ररी वापरत असाल तर आणखी सावध राहा. तिथे डे-फर्स्ट देऊन २०२२-०६-०१ ही आयएसओ पद्धतीची तारीख वाचली तर १ जून येत नाही, ६ जानेवारी येते. वर्ष आधी दिसलं तरी तिथे डे-फर्स्ट लागूच राहतं.

आता दुसऱ्यांदा हे कसं परत आलं ते सांगते, कारण ते पहिल्यापेक्षा वाईट होतं.

एप्रिल २०२३ मध्ये पांडाज २.० आलं आणि त्यात तारखा वाचण्याची पद्धत बदलली. आता ते कॉलममधली पहिली भरलेली किंमत पाहून फॉरमॅट ठरवतं आणि तोच सगळ्या कॉलमला लावतं. बदल चांगला आहे, मनापासून सांगते. पण आमची दुसरी एक स्क्रिप्ट फॉरमॅट न देताच चालत होती. फाइलची पहिली ओळ ०१/०६/२०२३. ठरलेला फॉरमॅट महिना-दिवस-वर्ष. तेराव्या ओळीवर १३/०६/२०२३ आलं आणि स्क्रिप्ट एरर देऊन थांबली: अमुक मजकूर अमुक फॉरमॅटशी जुळत नाही, स्थान १२. मोजणी शून्यापासून असते, म्हणून तेरावी ओळ म्हणजे १२.

घाईत आमच्यातल्या एकाने एरर्स या पॅरामीटरला कोअर्स लिहिलं. कोअर्स म्हणजे जे वाचता येत नाही त्याच्या जागी नॅट ठेव, म्हणजे रिकामी वेळ. एरर गेली. पुढच्या ओळीत रिकाम्या ओळी गाळण्याची जुनी आज्ञा होतीच. परिणाम असा: १३ आणि त्यापुढच्या सगळ्या तारखा गळल्या, १२२ पैकी ७४. उरलेल्या ४८ मध्ये ४४ उलट्या. संपूर्ण हंगामात बरोबर राहिलेल्या तारखा चार. आणि स्क्रिप्ट हिरव्या अक्षरांत "पूर्ण झाले" म्हणत होती.

म्हणून आमचा आता नियम आहे: कोअर्स वापरायचंच असेल तर आधी रिकाम्या किती होत्या आणि नंतर रिकाम्या किती झाल्या हे दोन आकडे शेजारी छापायचे, आणि ते वेगळे असले तर स्क्रिप्टने थांबायचं. फाइल वाचतानाच तारखा ओळखायला सांगणाऱ्या रीड-सीएसव्हीमधल्या पार्स-डेट्सबद्दलही सावध राहायचं. तिथे वाचता आलं नाही तर अख्खा कॉलम मजकूर म्हणूनच राहतो. वाचल्यावर कॉलमचा डी-टाइप, म्हणजे त्यातल्या डेटाची जात, छापून पाहा. डेटटाइमऐवजी ऑब्जेक्ट किंवा स्ट्रिंग दिसलं तर तारखा वाचल्याच गेलेल्या नाहीत.

इंटरनेटवर या एररवर तोडगा म्हणून फॉरमॅट इक्वल टू मिक्स्ड सुचवलेलं दिसतं. ते लिहिलं की प्रत्येक ओळ पुन्हा वेगवेगळी वाचली जाते, म्हणजे आपण जिथून निघालो तिथेच परत येतो. कॉलममध्ये खरोखर दोन पद्धतींच्या तारखा असतील तर मी कॉलमचे दोन भाग करते. तिरकी रेघ असलेल्या ओळी एका फॉरमॅटने, टिंब असलेल्या दुसऱ्या फॉरमॅटने. आपल्या सरकारी कागदांवर "दि. ०५.०६.२०२३" असं टिंबाने लिहायची सवय आहे, त्यामुळे टिंबवाल्या ओळी हमखास येतात. आधी "दि." काढायचं, मग वाचायचं.

तिसरं प्रकरण पांडाजपर्यंत पोचण्याआधीच घडतं, एक्सेलमध्ये. कॉम्प्युटरचं रीजन सेटिंग अमेरिकेचं असेल आणि कोणी ०१/०६/२०२३ टाइप केलं, तर एक्सेल ती ६ जानेवारी समजून खरीखुरी तारीख म्हणून साठवतं. १३/०६/२०२३ टाइप केलं तर ती तारीखच वाटत नाही, म्हणून मजकूर म्हणून ठेवतं. शीट उघडून फक्त अलाइनमेंट पाहा. कॉलममधल्या काही तारखा उजवीकडे सरकलेल्या आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या, तर हेच झालं आहे. उजवीकडच्या एक्सेलने तारीख मानलेल्या, डावीकडच्या मजकूर.

अशी एक्सेल फाइल पांडाजने वाचली की एकाच कॉलममध्ये दोन जाती येतात: काही डेटटाइम, काही स्ट्रिंग. इथे फॉरमॅट देऊनही उपयोग नाही, कारण उलटलेल्या तारखा आता मजकूर राहिलेल्याच नाहीत. प्रत्येक किंमतीची जात तपासायची. स्ट्रिंग असेल तर दिवस-महिना-वर्ष फॉरमॅटने वाचायची, डेटटाइम असेल तर दिवस आणि महिना यांची अदलाबदल करायची. पण हे करण्याआधी किमान चार-पाच ओळी मूळ वहीशी ताडून पाहा. ज्या केंद्राचं सेटिंग भारताचं आहे त्याच्या तारखा बरोबरच साठवलेल्या असतात, आणि हा उपाय त्यांना बिघडवेल. आम्ही केंद्रांना आता शीट पाठवताना तारखेचा कॉलम आधीच टेक्स्ट करून पाठवतो. तेव्हापासून या बाजूचा त्रास थांबला.

जुना डेटा बिघडला आणि मूळ फाइल हाताशी नाही, तर काय? इथे एक चांगली बातमी आहे. पहिल्या प्रकारातला, म्हणजे २.० आधीच्या पांडाजने ओळीगणिक उलटवलेला डेटा पूर्ण दुरुस्त होतो. मूळ दिवस १३ किंवा जास्त असेल तर तारीख बरोबर वाचली गेली आहे आणि तिचा दिवस १३ किंवा जास्तच आहे. मूळ दिवस १२ किंवा कमी असेल तर तो महिन्याच्या जागी गेला आहे आणि दिवसाच्या जागी मूळ महिना आला आहे, जो १२ च्या वर असू शकत नाही. त्यामुळे आता ज्या ओळीचा दिवस १२ किंवा कमी, ती उलटलेली. नेमक्या त्याच ओळींत दिवस आणि महिना बदला, सगळं जागेवर येतं. अट एकच: मूळ सगळ्या तारखा दिवस-आधी पद्धतीच्या असल्या पाहिजेत.

ही दुरुस्ती दोनदा चालली तर डेटा पुन्हा बिघडतो. म्हणून दुरुस्त तारीख नव्या कॉलममध्ये ठेवा, जुन्याला हात लावू नका. कोअर्सने गळलेल्या ओळी मात्र परत आणता येत नाहीत. त्यासाठी आम्हाला काकांची वही स्कॅन करून ७४ दिवस हाताने भरावे लागले. दोन संध्याकाळी गेल्या. वहीतले आकडे देवनागरी होते, आणि भरणाऱ्या मुलीने ते तसेच देवनागरीत टाइप केले. पायथनच्या इंट फंक्शनला देवनागरी आकडे समजतात, "१२" दिलं तर बारा मिळतात. पण पायथनचं तारखा वाचणारं फंक्शन स्ट्रिपटाइम दिवस आणि महिन्याच्या जागी इंग्रजी आकडेच शोधतं, म्हणून ०५/०८/२०२३ देवनागरीत असेल तर फॉरमॅट जुळत नाही म्हणून एरर येते. आधी मेक-ट्रान्स आणि ट्रान्सलेट वापरून दहा आकडे बदलून घ्या, मग वाचा.

याच जातीच्या आणखी काही चुका लक्षणांवरून ओळखता येतात, त्या भराभर सांगते. सगळ्या तारखा जानेवारीतच आल्या आणि वेळ ००:०७, ००:०८ अशी दिसली, तर फॉरमॅटमध्ये स्मॉल एमऐवजी कॅपिटल एम पडलाय. तो मिनिटांचा असतो. दुपारनंतरची एकही नोंद नसेल, सगळं सकाळीच घडलेलं दिसत असेल, तर पीएम वाचायला टक्का पी दिलंय पण तासासाठी कॅपिटल एच दिलाय. तिथे कॅपिटल आय हवा. कॅपिटल एचबरोबर टक्का पी असला तर एरर येत नाही, पीएमकडे दुर्लक्ष होतं. शेतकऱ्यांच्या जन्मतारखा २०६५ च्या आल्या तर वर्ष दोन आकडी आहे: पायथन ०० ते ६८ ला २००० ते २०६८ धरतं आणि ६९ ते ९९ ला १९६९ ते १९९९.

वेळ बरोबर २३ मिनिटांनी चुकत असेल, तर पायटीझेड लायब्ररीचा आशिया/कोलकाता झोन थेट टीझेड-इन्फोमध्ये दिला गेलाय. तसं दिलं की ५ तास ३० मिनिटांऐवजी कोलकात्याची जुनी स्थानिक वेळ लागते, ५ तास ५३ मिनिटं. पायटीझेडचं लोकलाइझ वापरा, किंवा पायथन ३.९ पासून आलेलं झोनइन्फो. आणि वेळेच्या शेवटी झेड असलेला मजकूर फ्रॉम-आयएसओ-फॉरमॅट स्वीकारत नसेल, तर तुमचं पायथन ३.११ च्या आधीचं आहे.

हा झेड आमच्याकडे स्वयंचलित मापकांमुळे आला. ते यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, वेळ पाठवतात आणि झेड ही त्याचीच खूण. तो झेड कुठेतरी गळला की दुपारी चारची सर सकाळी साडेदहाला पडलेली दिसते. टीझेड-लोकलाइझने आधी यूटीसी सांगायचं, मग टीझेड-कन्व्हर्टने आशिया/कोलकाता करायचं. एवढं करूनही आमचे रोजचे आकडे काकांच्या वहीशी जुळेनात, आणि या वेळी लायब्ररीचा काही दोष नव्हता. आपल्याकडे पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, सकाळी साडेआठला बदलतो. साडेआठला मापक वाचलं की मागच्या चोवीस तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेला लिहिला जातो. मुंबईचा २००५ चा प्रलय सगळ्यांच्या तोंडी २६ जुलैचा आहे, पण सांताक्रूझचे ते ९४४ मिलिमीटर २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांचे आहेत.

त्यामुळे डेटटाइममधून नुसती तारीख काढून ग्रुप-बाय केलं, म्हणजे तारखेनुसार बेरजा केल्या, तर रात्रीचा पाऊस एका दिवशी आणि वहीतली नोंद दुसऱ्या दिवशी, असं होणारच. आम्ही भारतीय वेळेतून आधी एक मिनिट वजा करतो, म्हणजे नेमक्या साडेआठच्या वाचनातला पाऊस त्याच दिवसात राहतो. मग साडेपंधरा तास मिळवतो आणि मग तारीख काढतो. साडेआठनंतरचं सगळं आपोआप दुसऱ्या दिवसात जातं. या तारखेच्या कॉलमला आम्ही "पर्जन्यदिन" असं नाव दिलंय, घड्याळाच्या तारखेचा कॉलम वेगळा ठेवलाय, आणि मूळ मजकुराचा तिसरा कॉलम कोणीही पुसत नाही.